तिकिटावरचा नवरंग

घरात जुनी पत्रं तारेला टोचून ठेवलेली असतील, तर ती चुलीत घालू नका. आधी पाकिटांवरची तिकिटं पाहा. एखाद्यावर पक्षी निघेल.

२८ एप्रिल १९७५ रोजी आपल्या टपाल खात्याने चार पक्ष्यांची चार तिकिटे काढली. त्यांतले सर्वांत स्वस्त २५ पैशांचे. त्यावर नवरंग आहे. पाठ हिरवी, शेपूट आखूड, पोटाखाली लालभडक. पावसाळ्याच्या तोंडावर हा आपल्या रानात येतो आणि सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो. शीळ पुष्कळांनी ऐकलेली असते, पण पक्षी काही दिसत नाही. तो झाडीत खाली बसून पाला उलथत असतो! तिकिटावर मात्र तो नीट पाहून घेता येतो. त्या काळी बंद पाकिटाला २५ पैशांचंच तिकीट लागायचं. म्हणून मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसाच्या पत्रावर नवरंग सापडण्याचा संभव आहे.

तिकीट ओढून काढू नये. कडेचे दाते तुटले, की ते जमवणारा घेत नाही. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापावे आणि थंड पाण्यात टाकावे. अर्ध्या तासात गोंद सुटतो. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या पाण्यात टाका, नाही तर रंग उतरून बाकीची तिकिटं डागळतात. मग टिपकागदावर पालथे वाळवून जाड पुस्तकात दाबावे. वहीत खळीने चिकटवू नका, हे आम्ही बजावून सांगतो. पाठ खराब झाली, की किंमत गेली. पोस्टकार्डावरचे तिकीट छापलेलेच असते. तिथे कात्री लावू नये, कार्ड अख्खे ठेवावे.

१ नोव्हेंबर १९८० रोजी माळढोकाचे तिकीट निघाले. किंमत २ रुपये ३० पैसे. साध्या पाकिटाला तेव्हा एवढे पैसे लागत नसत, म्हणून ते गावच्या पत्रांत बहुधा मिळणार नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर हा उंच, जड पक्षी पुष्कळांनी पाहिला आहे. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तरी माळ नांगरले गेले, विजेच्या तारांना धडकूनही पक्षी मेले. आज रानात, साऱ्या देशात मिळून, दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असतील, तेही बहुतेक राजस्थानात. हे तिकीट हाती आले, तर नातवाला दाखवून ठेवा.

२०१० साली चिमणी आणि कबुतराचीही तिकिटे निघाली, प्रत्येकी ५ रुपयांची. नवी तिकिटे हवी असतील, तर मुंबईच्या जी.पी.ओ.त त्यासाठी वेगळी खिडकी आहे. तिथे छापील किमतीलाच मिळतात.