दोराने डोंगर चढणारी शेतमालाची रेल्वे

शेतकरी बंधूंनो, माल पिकवणे एक आणि तो बाजारात नेणे दुसरे, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. स्कॉटलंडमधल्या शेतकऱ्यांपुढेही दोनशे वर्षांपूर्वी हीच अडचण होती आणि तिच्यापायी तिथे एक रेल्वे बांधली गेली. तिचे नाव डंडी-न्यूटाइल रेल्वे.

डंडी हे समुद्रकाठचे बंदर. आपण धान्य भरतो त्या गोणपाटाशी या गावाचा जुना संबंध आहे. बंगालचा ताग पुढे तिथल्या गिरण्यांत जाऊ लागला. त्याआधी तिथे जवसाच्या धाग्याचे कापड विणत. डंडीच्या उत्तरेला सिडलॉ डोंगरांची रांग आणि रांगेपलीकडे स्ट्रॅथमोअर हे सुपीक खोरे. धान्य, बटाटा खोऱ्यात आणि गिऱ्हाईक डोंगराच्या अलीकडे! घोडागाडीने डोंगर ओलांडायचा म्हणजे भाड्यातच निम्मा जीव जायचा.

१८२६ मध्ये पार्लमेंटने रेल्वेला मंजुरी दिली. अभियंता होते चार्ल्स लँडेल. त्यांनी डोंगराला वळसा न घालता साडेदहा मैलांचा जवळजवळ सरळ मार्ग आखला. मग डोंगर चढायचा कसा? तर तीन ठिकाणी उतरणी केल्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर वाफेचे इंजिन कायमचे बसवले. विहिरीतून मोट ओढावी तसे हे इंजिन दोराने डबे वर ओढून घेई. डंडीतल्या लॉ टेकडीची उतरण तर दहा फुटांना एक फूट इतकी खडी होती. आपल्या बोरघाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट आहे, त्यावरून अंदाज करा. टेकडी चढल्यावर सुमारे तीनशे मीटरचा बोगदा होता. मधल्या सपाट भागात डबे घोडे ओढत.

१६ डिसेंबर १८३१ रोजी गाडी सुरू झाली आणि बोगद्यासह सगळा मार्ग १८३२ मध्ये खुला झाला. बंदराकडून कोळसा, चुना, खत वर येई आणि शेतमाल खाली जाई. यातला चुना महत्त्वाचा. तिकडच्या पावसाळी जमिनी आपल्या कोकणासारख्या आम्ल असतात, त्यांना चुना दिल्याशिवाय पीक नीट धरत नाही. पण चुना वजनदार, खेपही मोठी. डोंगरापलीकडे तो गाडीने पोहोचू लागला हा शेतकऱ्याचा मोठाच फायदा, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू. प्रत्येक उतरणीला घोडा सोडा, दोर लावा, वर गेल्यावर दोर सोडा, पुन्हा घोडा जुंपा. साडेदहा मैलांत हे तीनदा! १८३३ मध्ये डंडीच्याच कारमायकेल कारखान्यातली वाफेची इंजिने आली. त्यांना ‘अर्ल ऑफ एअरली’ आणि ‘लॉर्ड व्हार्नक्लिफ’ अशी तिथल्या बड्या जमीनदारांची नावे दिली. सपाटीवर वेग वाढला, पण दोराची कटकट तशीच राहिली. खर्चही अंदाजापेक्षा बराच वाढला होता, त्यामुळे कंपनीच्या हाती नफा काही लागेना.

शिवाय लाईन संपली कुठे, तर व्हार्नक्लिफ साहेबांच्या जमिनीत. तिथे आधी स्टेशन आणि मग आखीव रस्त्यांचे नवे न्यूटाइल गाव वसले. कूपर अँगस, ग्लॅमिस ही नावाजलेली गावे मैलोगणती दूर राहिली. तिथल्या शेतकऱ्याला आधी बैठ्या गाडीत माल भरून न्यूटाइलला आणायचा आणि मग रेल्वेत चढवायचा. पुढे या दोन्ही गावांकडे फाटे निघाले तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला.

रुळांतल्या अंतराचाही घोळ होता. या लाईनचे अंतर साडेचार फूट आणि अर्धा इंच. १८३८ मध्ये डंडीहून अर्ब्रोथला निघालेली लाईन साडेपाच फुटांची, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजएवढी. पर्थकडून आलेली तिसरी लाईन चार फूट साडेआठ इंचांची. एकीचा डबा दुसरीवर चालणार नाही, म्हणजे पुन्हा माल उतरवा, पुन्हा चढवा, पुन्हा हमाली. अडीच फुटी बार्शी लाईट रेल्वेतला माल कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत भरताना ज्यांनी पाहिला आहे, त्या सोलापूर-लातूरकडच्या जुन्या मंडळींना हे लगेच पटेल.

न्यूटाइल लाईनचे रूळ १८४९ मध्ये चार फूट साडेआठ इंचांचे केले. उतरणींना वळसा घालणारे नवे मार्ग १८६० च्या दशकात झाले आणि शेवटची, हॅटनची उतरण १८६८ मध्ये सुटली. तेव्हा कुठे दोराविना गाडी डोंगरापलीकडे जाऊ लागली. पहिली गाडी सुटून तोवर सदतीस वर्षे झाली होती.

प्रवासी गाड्या १९५५ मध्ये बंद झाल्या. लॉ टेकडीतला बोगदा बुजवून बंद केलेला आहे. न्यूटाइलचे जुने स्टेशन मात्र अजून उभे आहे आणि खोऱ्यात आजही बटाटा, बार्ली आणि रास्पबेरी पिकते.