स्मृतिभ्रंश : कादंबरीतला आणि घरातला

डोक्यावर आघात व्हावा, नायिकेने नाव, गाव, नवरा सारे विसरावे आणि अखेरच्या प्रकरणात एखादी जुनी वस्तू दृष्टीस पडताच गतायुष्य लख्ख आठवावे, या कथानकाची गोडी मराठी माणसाला नवी नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हाही दुष्यंताला अंगठी पाहूनच शकुंतला आठवली होती. कालिदासाने मात्र त्या विस्मरणाचे कारण दुर्वासाचा शाप म्हणून सांगितले, वैद्यकाची साक्ष काढली नाही. आजची रहस्यकादंबरी डॉक्टर आणि दवाखाना पुढे करून बोलते, आणि म्हणून ती वाचून आमच्या दीक्षितपुऱ्यातील मंडळी जी मते हिरिरीने मांडतात, त्यांची शहानिशा करणे मला अगत्याचे वाटते.

स्मृती गेली की माणूस प्रथम स्वतःलाच विसरतो, हा त्यांतला सर्वांत रुजलेला समज. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. मेंदूच्या विकारात ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या दीर्घकाळ तग धरतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८८१ सालीच मांडले होते. अमेरिकेतील हेन्री मोलेसन याच्यावर १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, अपस्मारावरील उपाय म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. आपले नाव, आईवडील, बालपण त्याला त्यानंतरही आठवत होते, पण नव्याने घडलेले काही त्याच्यापाशी टिकत नव्हते. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला केवळ आरशात पाहून, दोन रेघांच्या मधून, चांदणी गिरवायला दिली. पहिल्या दिवशी पेन्सिल कोपऱ्याकोपऱ्याला अडखळली, तिसऱ्या दिवशी ती सफाईने फिरली, आणि तरीही हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती. हात शिकला होता, पण त्या शिकण्याची नोंद मनाच्या दफ्तरी झालीच नव्हती. स्वतःचे नावच हरवणे हे मानसिक धक्क्यातून उद्भवणाऱ्या विरळा अवस्थेत घडते.

एस. जे. वॉटसन यांच्या २०११ सालच्या ‘बिफोर आय गो टू स्लीप’ या कादंबरीतील नायिका दिवसभराचे सारे लक्षात ठेवते आणि रात्रीच्या झोपेत गमावते. कथेला ही योजना फार सोयीची आहे. परंतु मोलेसनसारख्या रुग्णाचे लक्ष दुसरीकडे वळले की काही मिनिटांतच हातचे निसटते, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत झोप आठवणी पुसत नाही, पक्क्या करते.

हे सारे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण कादंबरीच्या मापाने आपण घरचे माणूस मोजू लागतो. दीक्षितपुऱ्यातल्याच एका घरी, आपल्या लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले होते याचा तपशील देणाऱ्या आजी चहाचा रिकामा कप खाली ठेवतात आणि विचारतात, “सूनबाई, आज चहा नाही का केलास?” सून म्हणते, “आई, आत्ताच घेतलात की!” आणि शेजारीण निघताना दारात कुजबुजते की, साठ वर्षांपूर्वीचे आठवते नि आत्ताचे नाही, हे निव्वळ सोंग आहे. सोंग नव्हे, तोच स्मृतीच्या विकाराचा दाखला आहे. त्या बाईंवर ज्या कारणासाठी संशय घेतला जातो, त्याच कारणासाठी त्यांना दवाखान्यात नेले पाहिजे.

संमोहनाने दडलेली आठवण जशीच्या तशी बाहेर निघते, हाही असाच भ्रम. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखविले की, आठवताना मन प्रसंग नव्याने रचते. संमोहनाने त्या रचनेविषयीची खात्री वाढते, सत्यता नव्हे.

राहिला डोक्यावरचा दुसरा आघात, ज्याने म्हणे स्मृती परत येते. त्याने मेंदूला आणखी इजाच होते. विस्मरणाची काही कारणे खरोखर दूर करता येतात, पण ती अगदी साधी असतात: बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, जी निव्वळ शाकाहारी घरांत पुष्कळदा आढळते, किंवा थायरॉइडचे मांद्य, दोन्ही रक्ततपासणीत उघड होतात. आणि वृद्ध माणूस न्हाणीघरात घसरले, डोक्याला किरकोळ लागले म्हणून घरच्यांनी ते विसरून टाकले, तर कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त काही आठवड्यांनी गोंधळ आणि विस्मरण या रूपाने प्रकट होऊ शकते. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते, वेळीच काढले तर पुष्कळांची बुद्धी पूर्ववत होते, म्हणून दीड-दोन महिन्यांपूर्वीचे ते पडणेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.