‘हाइ’ म्हणजे होकार नव्हे

जपानी माणसाशी बोलताना पलीकडून सतत ‘हाइ, हाइ’ ऐकू येतं आणि नवख्याला वाटतं, आपलं म्हणणं मान्य झालं. पुढे नकार आला की ‘हे लोक तोंडावर हो म्हणतात आणि नंतर फिरतात’ असा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. बोलणं चालू असताना आलेला तो ‘हाइ’ उत्तर नव्हताच. ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढंच त्यात होतं. अशा प्रतिसादांना जपानीत ‘आइझुची’ म्हणतात. शब्द लोहाराच्या भट्टीवरचा आहे: तापलेल्या लोखंडावर उस्ताद आणि शागीर्द आळीपाळीने घाव घालतात, त्यातला जोडीदाराचा घाव म्हणजे आइझुची.

हा घाव वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. ‘किनोऽ ने’ (काल ना), ‘तोमोदाची तो ने’ (मैत्रिणीबरोबर ना) असं बोलणारी तुकड्यातुकड्याने सांगते आणि प्रत्येक ‘ने’नंतर ऐकणारी ‘उन्’ म्हणते. क्रियापद अजून यायचंच असतं. म्हणजे नेमकं काय घडलं हे कळण्याआधीच प्रतिसाद दिला जातो. मग तो संमती कसा असेल? भाषातज्ज्ञ मिझुतानी नोबुको यांनी दोघांनी मिळून रचलेल्या अशा बोलण्याला ‘क्योवा’, म्हणजे सहसंभाषण, म्हटलं. फोनवर ऐकणारा गप्प राहिला, तर बोलणारा थांबून ‘मोशीमोशी?’ (हॅलो, ऐकताय ना?) विचारतो.

आइझुचीच्या छटांचं खरं वैभव मात्र नात्यांत आणि सुरांत आहे. ‘उन्’ घरच्यांना आणि मित्रांना चालतं, साहेबांना नाही. ‘हाइ’ आदराचा, पण ‘हाइ हाइ’ असा लागोपाठ जोडून म्हटला की ‘कळलं, पुरे’ असा वैताग उमटतो. ‘नारुहोदो’, म्हणजे ‘अच्छा, असं आहे तर’, हे वरिष्ठांपुढे अनेकांना खटकतं, कारण त्यात त्यांचं म्हणणं आपण तपासून पास केल्याचा वास येतो. ‘सोऽ देस का’ उतरत्या सुरात म्हटलं तर माहितीची पोच, चढत्या सुरात शंका. आणि विनंतीनंतर कुणी ‘सोऽ देस नेऽ’ लांबवलं, तर बहुधा अडचण आहे असं समजावं. नकारार्थी प्रश्नाला दिलेला ‘हाइ’ तर आणखी चकवतो: ‘येणार नाही ना?’ याला ‘हाइ’ म्हटलं, तर येणार नाही हेच खरं.

कुणी म्हणेल, यात वेगळं काय? मराठीतही गोष्ट ऐकताना हुंकार भरतात. ‘हं’, ‘बरं’, ‘हो का’ आपल्याकडेही आहेत. आहेतच. पण आपल्याकडे शांतपणे, मध्ये न बोलता ऐकणं हीसुद्धा अदब समजली जाते. जपानीत तशी शांतता बोलणाऱ्याला अस्वस्थ करते. दुसरा आक्षेप गंभीर आहे: ही संदिग्धता सोयीची पळवाट नाही का? कधीकधी असतेही. पण नाही म्हणायला ‘चिगाइमास’ (तसं नाही), ‘देकिमासेन’ (जमणार नाही) असे स्पष्ट शब्द जपानीत आहेत आणि बांधिलकीच्या होकारालाही ‘शोऽची शिमाशिता’ (मान्य आहे) आहे. ऐकल्याची पोच आणि दिलेला शब्द ही भाषा वेगळे ठेवते. ते एक समजण्याची चूक ऐकणाऱ्या परक्याची. पुण्यात जपानी शिकणारे आणि जपानी कंपन्यांशी व्यवहार करणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी ‘हाइ’ मोजत बसू नये. बोलणं संपल्यावर काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सरळ विचारावं.