कागदावरचे तीस नॉट

काल्पनिक युद्धनौका रचणाऱ्या हौशी मंडळींची मागणी बहुधा ठरलेली असते. काळ पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरचा, जहाज हलकी क्रूझर. वजन साडेतीन हजार टन, वेग तीस नॉट, सहा इंची आठ तोफा, कडेला तीन इंच जाडीचे चिलखत आणि महासागर ओलांडण्याइतका पल्ला. १९१२ मध्ये ब्रिटिश नौदलाने जवळपास याच मागणीवर खरी जहाजे बांधायला घेतली. ॲरेथ्यूझा वर्गाच्या त्या आठ क्रूझर. हाती काय आले? वेग साडेअठ्ठावीस नॉट, सहा इंची तोफा दोनच, जोडीला चार इंची सहा. चिलखत मिळाले, पण आत माणसांना जागा उरली नाही. ब्रिटिश अभियंते कच्चे नव्हते. मागणीच काही गैरसमजांवर उभी होती, आणि ते गैरसमज आजही तसेच आहेत.

गैरसमज : इंजिनाची ताकद वाढवली की वेग त्या प्रमाणात वाढतो.

ॲरेथ्यूझाच्या आधीच्या ॲक्टिव्ह वर्गाच्या टेहळणी क्रूझर साधारण तेवढ्याच वजनाच्या होत्या. त्यांची ताकद १८ हजार अश्वशक्ती आणि वेग २५ नॉट. ॲरेथ्यूझाची ताकद ४० हजार. दुपटीहून अधिक ताकद खर्चून पदरात पडले साडेतीन नॉट.

याचे कारण पाण्यात आहे. चालणारे जहाज स्वतःच लाट उठवते आणि ती लाट जहाजाच्याच वेगाने त्याच्याबरोबर धावते. वेग वाढला की लाटेची लांबीही वाढते, तीही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. २५ नॉटला ती सुमारे १०६ मीटर असते, साडेअठ्ठावीस नॉटला १३८ मीटर. ॲरेथ्यूझाची लांबी होती १३३ मीटर. म्हणजे पूर्ण वेगात तिची स्वतःची लाट तिच्याहून लांब होई. अशा वेळी जहाजाचा मागचा भाग लाटेच्या खळग्यात बसतो, नाळ वर उचलली जाते आणि इंजिनाची बरीचशी ताकद ही चढण चढण्यातच संपते. विल्यम फ्राउड यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून, त्यातून जहाजांच्या प्रतिकृती ओढून हे मोजमाप शास्त्रशुद्ध केले होते. तीस नॉटला लाट १५२ मीटरपर्यंत जाते. तो वेग स्वस्तात हवा असेल तर इंजिन नव्हे, जहाज लांब करायला हवे. जहाज लांब केले की पोलाद वाढते, कणा अधिक मजबूत करावा लागतो आणि साडेतीन हजार टनांची मर्यादा तिथेच मोडते.

गैरसमज : चाचणीत मिळालेला वेग युद्धातही मिळतो.

मला या विषयात सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा, कारण त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. चाचणीच्या दिवशी बूड स्वच्छ असते, कोळसा निवडक असतो, भट्टीवरची माणसे ताजीतवानी असतात आणि वजन शक्य तितके कमी ठेवलेले असते. नंतर काही महिन्यांतच बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात. उष्ण समुद्रात तर लवकरच.

रशियाची 'नोविक' ही वजनाने जेमतेम तीन हजार टनांची आणि वेगाने २५ नॉटची. १९०१ च्या सुमारास तिच्या जोडीची जलद क्रूझर जगात क्वचितच होती. रशिया-जपान युद्धात, ऑगस्ट १९०४ मध्ये पीत समुद्रातल्या लढाईनंतर ती निसटली, त्सिंगताओला कोळसा भरून जपानच्या पूर्वेकडून व्लादिवोस्तोककडे निघाली. वाटेत बॉयलरच्या नळ्या फुटल्या आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त कोळसा जळू लागला. सखालिन बेटावरच्या कोर्साकोव्हला ती कोळशासाठी थांबली आणि तिथे तिला 'त्सुशिमा' या जपानी क्रूझरने गाठले. त्सुशिमाचा वेग होता २० नॉट, पण तोफा सहा इंची. जखमी झालेली नोविक तिच्याच खलाशांनी बुडवली. पाच नॉटांची आघाडी कागदावर राहिली. वेगासाठी कोळशाची कोठारे आणि इंजिनाची मजबुती कापली, तर युद्धाच्या दहाव्या दिवशी तो वेगच उरत नाही.

गैरसमज : लढाईत तोफांची संख्या पाहावी.

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन क्रूझर 'एमडेन'ने मद्रासच्या किनाऱ्यावर सव्वाशेच्या आसपास गोळे डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. तिच्यावर १०.५ सेंटिमीटरच्या दहा तोफा होत्या. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ तिची गाठ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'शी पडली. सिडनीवर तोफा आठच, पण सहा इंची. मांडणी अशी, की एका बाजूला दोघींच्याही पाचच तोफा डागता येत. जर्मन गोळा १७ किलोच्या आसपास, सिडनीचा ४५ किलोचा. एका फेरीत एकीकडून ८५ किलो, दुसरीकडून सव्वादोनशे. एमडेनचे गोलंदाज उत्तम होते. त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच सिडनीवर गोळे बसवले. तरीही दुपारपर्यंत एमडेन कीलिंग बेटाच्या खडकांवर चढलेली, निकामी झालेली होती.

मग ॲरेथ्यूझावर सगळ्याच तोफा सहा इंची का नव्हत्या? ४५ किलोचा गोळा डुलणाऱ्या अरुंद डेकवर माणसांनीच उचलून तोफेत भरायचा असे. समोरून विनाशिका धावून येत असताना १४ किलोचा चार इंची गोळा झपाट्याने भरता येई. शिवाय उंचावरचे प्रत्येक टन जहाजाचा तोल बिघडवते. तरी संमिश्र तोफखाना हा माझ्या मते चुकीचाच निर्णय होता. दोन प्रकारचे गोळे एकाच वेळी पाण्यात पडू लागले की नेम दुरुस्त करणाऱ्याला शिंतोडा कुठल्या तोफेचा हे ओळखता येत नाही. १९१६ मध्ये आलेल्या 'सेंटॉर'वर पाच सहा इंची तोफा जहाजाच्या मध्यरेषेवर ओळीने बसवल्या गेल्या. त्यामुळे पाचही तोफा कोणत्याही बाजूला वळत. उत्तर हेच होते.

गैरसमज : टर्बाइन आणि तेल आले आणि सगळे प्रश्न सुटले.

१९०४ च्या चाचण्यांत टर्बाइनवाल्या 'ॲमेथिस्ट'ने जुन्या इंजिनांच्या भावंडांना मागे टाकले, पण सावकाश चालताना तिलाच कोळसा जास्त लागला. टर्बाइनला भरभर फिरायचे असते, जहाज ढकलणाऱ्या पंख्याला हळू. दोघे एकाच दांड्यावर बांधले की दोघांचीही कुचंबणा. खरा उपाय म्हणजे मधे दातेरी चाके घालणे. तो ब्रिटिश क्रूझरवर १९१५ मध्ये, 'कॅलिओपी' आणि 'चॅम्पियन'वर आला.

तेल तेवढ्याच वजनाच्या कोळशापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक उष्णता देते आणि भट्टीवरची माणसेही वाचवते. पण कडेच्या कोठारांतला कोळसा गोळे अडवायचा, ते आवरण गेले. शिवाय वेल्समध्ये कोळसा होता, तेल नव्हते. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारला अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुमताचा हिस्सा घ्यावा लागला.

गैरसमज : वेगवान जहाजाला वेगच वाचवतो.

२८ ऑगस्ट १९१४, हेलिगोलँडचा उपसागर. ब्रिटिश कमोडोर टिरविट यांची नवीकोरी ॲरेथ्यूझा नौदलात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. समोर आली बारा वर्षे जुनी, जेमतेम २१ नॉटची जर्मन 'फ्राउएनलोब'. ॲरेथ्यूझाच्या काही तोफा अडकल्या, काही गोळ्यांनी बंद पाडल्या, बॉयलरला पाणी पुरवणारी नळी फुटली, इंजिनखोलीत पाणी शिरले. वेग दहा नॉटवर आला. ती तरली ती चिलखतामुळे आणि मदतीला आलेल्या मोठ्या जहाजांमुळे.

तेव्हा क्रूझर रचायला बसाल, तर आधी इंधन, इंजिन आणि चिलखत यांची वजने मांडा, वेगाचा आकडा शेवटी लिहा. आणि कधी बेलफास्टला जाणे झाले, तर ॲरेथ्यूझाच्या लगेच पुढच्या वर्गातली, जटलंडच्या लढाईत उतरलेली 'कॅरोलाइन' तिथल्या गोदीत संग्रहालय म्हणून उभी आहे. तिचे मूळ टर्बाइन अजून जागेवर आहेत.