झाडीपट्टीचा रसिक आणि हिंदी प्रेमपट

चंद्रपूर, गडचिरोली आणि लगतचे भंडारा-गोंदिया हे जिल्हे घनदाट जंगलामुळे झाडीपट्टी म्हणून ओळखले जातात, आणि दिवाळीनंतर धान घरात येऊ लागले की तेथे गावोगावी मंडई, म्हणजे नातलगांना बोलावून भरवली जाणारी जत्रा, आणि तिच्यासोबत रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. हिंदी प्रेमपटांविषयीची इथल्या रसिकाची आवड समजून घ्यायची, तर याच मांडवाकडे पाहावे लागते. वडसा येथील नाटक मंडळ्यांच्या प्रयोगांत ऑर्गन-तबल्याच्या साथीने नट स्वतः गातात, सासू-सुनेचा, भावाभावांचा किंवा प्रेमिकांचा संघर्ष उंच स्वरात रंगवतात, आणि शाल-घोंगडी पांघरून बसलेल्या बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात.

भावना टिपेला नेणाऱ्या या शैलीला समीक्षक अतिनाट्य म्हणतात व बहुधा नाक मुरडतात. ते अन्यायाचे आहे, कारण घराच्या वाटणीचे किंवा मोडलेल्या सोयरिकीचे दुःख प्रत्यक्षातही दबक्या आवाजात येत नाही. म्हणूनच आईवडिलांची मुलांमध्ये वाटणी दाखवणारा ‘बागबान’ (2003) इथल्या नाटकांचा सख्खा भाऊ वाटतो. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (1995) मधील नायक पळून जाण्यास नकार देऊन मुलीच्या वडिलांची संमती मागतो, हाही याच कुटुंबनाट्याचा पेच आहे.

या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ही दखल फार उशिरा घेतली गेली.