पालथं पडून पाहिलेलं जुहू

पौर्णिमेनंतरची द्वितीया, सकाळचे सात. पाणी पार लांब गेलंय. मी ओल्या वाळूत पालथी पडलेय, कोपरं रुतलीत, कॅमेरा जमिनीपासून चार बोटांवर. समोर वाटाणा जाईल एवढं बीळ आहे आणि त्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या. गोळ्या करणारा आत दडलाय. मी मघाशी हात हलवला म्हणून.

शास्त्रात या खेकड्यांच्या वंशाला ‘डोटिला’ म्हणतात. डोळे देठांवर उंच असतात. उभा माणूस त्यांना लांबूनच दिसतो, पडलेला माणूस मात्र थोड्या वेळाने वाळूचाच भाग होतो. पाच मिनिटं, कधी दहा, श्वाससुद्धा सावकाश घ्यायचा. मग आधी डोळे वर येतात, मागून तो. नांग्यांनी चिमूट-चिमूट वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं खाद्य काढून घेतो आणि धुतलेल्या वाळूची गोळी करून पायाने मागे सारतो. बिळापासून निघालेली त्याची पायवाट सरळ असते, धोका वाटला तर क्षणात घरी पळता यावं म्हणून. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा सुरुवात.

शटर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्श्यावर ठेवते. फोकस हाताने, फक्त डोळ्यांवर, कारण इतक्या जवळून एखाद-दुसरा मिलिमीटरच स्पष्ट येतो. उजेड तिरपा आहे तोवर प्रत्येक गोळीला स्वतःची सावली असते. ऊन वर चढलं की सावल्या जातात आणि वाळू सपाट दिसते.

मी पूर्वी याच किनाऱ्यावर उभी राहून फोटो काढायची. बुडता सूर्य, फुगेवाला, पाण्यात पाय भिजवणारी जोडपी. एका पावसाळ्यात घरी बसून जुने फोटो लावायला घेतले. २०१२ आणि २०१६च्या फोल्डरमधला सूर्य शेजारी शेजारी ठेवला तर कोणता कुठला ते मला सांगता येईना. दोन्हींत जुहू होतं, पण मी त्या दिवशी काय पाहिलं होतं ते कशातच नव्हतं. ते फार लागलं. हौस म्हणून इतके रविवार खर्च केले ते नेमके कशावर, हा प्रश्न महिनाभर पिच्छा सोडेना.

उत्तर ओहोटीच्या एका फेरीत मिळालं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७पासून लोकांना मुंबईच्या किनाऱ्यांवर फिरवतो, तिथले जीव दाखवतो, त्यांच्या नोंदी ठेवतो. मी एका खेकड्याचा फोटो अभिमानाने दाखवला. बरोबरच्या जाणकाराने विचारलं, “छान आहे. पण नांगी कुठाय? आकार कसा कळणार?” पार्श्वभूमी सुंदर धूसर होती आणि ओळख पटवायला लागणारं सगळं त्या धूसरपणात गेलं होतं. तेव्हापासून एका जीवाचे तीन फोटो काढते: भोवतालासकट, पूर्ण अंगाचा आणि बारकाव्याचा. शेजारी रुपयाचं नाणं. उचलायचं नाही, डिवचायचं नाही. तारीख-जागेसह ते ‘आयनॅचरलिस्ट’वर जातात, तिथे दुसरं कुणी ओळख पडताळतं. मुंबईच्या कुणा अनोळखी विद्यार्थ्याला ही नोंद उद्या उपयोगी पडेल, एवढ्या विचाराने मी पहाटे उठते.

त्याच फेरीत एक गोष्ट कळली. वाळूत पडलेली राखाडी, रबरासारखी लवचिक कॉलर मी वर्षानुवर्षं कचरा समजून ओलांडत आले होते. ती मून स्नेल नावाच्या गोगलगायीने वाळू आणि चिकट द्रव मिसळून घातलेली अंडी होती. मी किती कॉलरींवर पाय दिला असेल, या विचाराने त्या दिवशी पोटात तुटलं. आता प्लास्टिकच्या गराड्यात ती दिसली की मी आधी तिच्याजवळ उभी राहते, फोटो नंतर.

वेळेचं गणित मात्र कोळीवाड्यातल्या एका मावशींकडून शिकले. भर सकाळी कॅमेरा घेऊन आले तर पाणी हटेना. त्या म्हणाल्या, “आज एकादशी, भांगाचं पाणी हाय. उधाणाला ये.” अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा समुद्र जितका वर चढतो तितकाच लांब जातो. अष्टमीच्या पुढेमागे भांग, ना धड भरती ना धड ओहोटी. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईतल्या भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. द्वितीयेला दीड, म्हणजे त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी येणारी ओहोटी साधारण पावणेआठला. लेन्स मी विकत घेतली, पण समुद्राचं वेळापत्रक मावशींनी दिलं. घड्याळावर चालणारी मी, आता दिनदर्शिकेतली तिथी आधी बघते.

पावसाळ्यात हीच वाळू निळ्या फुग्यांनी भरते. हे ब्लूबॉटल, जेलीफिशसारखे समुद्री जीव; मेलेला दिसला तरी त्याचे धागे डसतात. तेव्हा कॅमेरा गळ्यात असतो आणि अर्धा वेळ पोरांना मागे ओढण्यात जातो. त्या दिवशी फोटो कमी निघतात, आणि त्याची खंत वाटत नाही.

तो बाहेर आलाय. पहिली गोळी, दुसरी, तिसरी. तो माझ्याकडे वळतो, दोन्ही डोळे एका रेषेत. क्लिक.

नऊनंतर पाण्याची पातळ जीभ बिळांपर्यंत पोचते. त्याने आतून दार लावून घेतलंय. मी उठते, कोपरं झटकते आणि वही उघडते: द्वितीया, ७.०५ ते ९.१०. वारा कमी. गोळ्या भरपूर. कॅमेऱ्यात आलेले तीन, डोळे स्पष्ट एकाचेच. अंड्यांची कॉलर एक, सुरक्षित.