उंबऱ्यापर्यंतचा शोध

१९८५ साल सरत आले होते. अमेरिकेत एड्सची पहिली नोंद होऊन चार वर्षे उलटली होती आणि त्यामागचा विषाणूही ओळखला गेला होता. भारतात मात्र हा आजार परदेशातील बातम्यांच्या पानावरच राहत होता. तो स्वैर वागणाऱ्या पाश्चात्त्यांचा, आपल्या संस्कारांत त्याला थारा नाही, असा समज सुशिक्षितांतही मुरलेला होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत शेकडो रक्तनमुने तपासले गेले आणि सारे नकारार्थी निघाले. प्रत्येक नकारागणिक तो समज अधिकच पक्का होत गेला.

मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांचे या नकारांनी समाधान होत नव्हते. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या, आठ भावंडांत एकुलती एक मुलगी. दरवर्षी लस टोचायला घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला पाहून लहानपणीच त्यांच्या मनात वैद्यकाची ओढ रुजली. पुढे त्यांनी परदेशात अनुभव घेतला आणि त्या मद्रासेत परतल्या. एड्सविषयी जे जे छापून येई ते त्या वाचत होत्या, आणि हा विषाणू भारताची वेस ओलांडणारच नाही यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

निर्मला सेल्लप्पन या त्यांच्या बत्तीस वर्षांच्या विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होत्या. मद्रासेत एड्सचा विषाणू शोधावा, असा विषय बाईंनी सुचवताच निर्मला बिचकल्या. लहान गावातून आलेल्या, दोन लेकरांची आई. असल्या विषयाला हात कसा घालायचा? शिवाय उत्तर नकारार्थीच येणार, असे त्यांचेही मत होते. अखेर पतीने धीर दिला आणि काम सुरू झाले.

दोनशे नमुने जमवायचे ठरले. त्यासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचायचे होते, पण मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी किंवा पुण्याच्या बुधवार पेठेसारखी त्यांची ठरलेली वस्ती मद्रासेत नव्हती. निर्मला सरकारी रुग्णालयात गुप्तरोगावर उपचार घ्यायला येणाऱ्या स्त्रियांना भेटू लागल्या. एकदोघींशी ओळख झाली, त्यांनी इतर जणी दाखवल्या. केसपेपर चाळताना अनेकींच्या नावापुढे ‘व्ही होम’ अशी नोंद दिसली. वेश्याव्यवसायातून पकडलेल्या आणि निराधार स्त्रियांना ठेवण्याचे ते सरकारी सुधारगृह. वाट सापडली. रोज कामावर जाण्याआधी पती त्यांना स्कूटरवरून तिथे सोडत. हातमोजे नव्हते, संरक्षणाची इतर साधनेही नव्हती. तीन महिन्यांत ऐंशीहून अधिक नमुने जमले. रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगितले गेले नव्हते. नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी असावी, असे त्या धरून चालल्या. या शोधाचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या रक्तातून देशाला सत्य कळले, त्यांची संमती कोणी मागितली नव्हती.

सुनीतीबाईंनी आपल्या हृदयशल्यचिकित्सक पतीच्या मदतीने एक जुजबी प्रयोगशाळा उभी केली. तिथे रक्तातून सीरम वेगळे होई आणि निर्मला ते घरच्या फ्रिजमध्ये जपत. विषाणूची बाधा ओळखणाऱ्या एलायझा या रक्तचाचणीची सोय मात्र मद्रासेत नव्हती. १९८६च्या फेब्रुवारीत एका रात्री निर्मला आणि त्यांचे पती बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन गाडीत बसले, काटपाडीला उतरले आणि रिक्षाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोहोचले. विषाणुशास्त्राचे प्रमुख डॉ. जेकब जॉन यांनी पी. जॉर्ज बाबू आणि एरिक सिमोझ हे आपले दोन सहकारी त्यांच्या दिमतीला दिले.

सकाळी चाचणी सुरू झाली. दुपारी बाराच्या सुमारास वीज गेली. करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा मंडळी चहाला गेली. परतल्यावर सर्वांत आधी जॉर्ज बाबू आणि निर्मला खोलीत शिरले. बाबूंनी झाकण उघडले, आत पाहिले आणि चटकन मिटले. तेवढ्या क्षणात निर्मलांनी पाहायचे ते पाहिले होते: पट्टीवरच्या सहा वाट्या पिवळ्या झाल्या होत्या. त्या थक्क होऊन उभ्या राहिल्या. मागून आलेल्या सिमोझ यांनी खात्री केली आणि ते धावतच डॉ. जॉन यांना बोलवायला गेले. नकाराची खात्री बाळगून जमवलेल्या नमुन्यांनी सहा होकार दिले होते.

बाहेर अवाक्षर काढायचे नाही, असे ठरले. सारे जण पुन्हा सुधारगृहात गेले आणि त्या सहाजणींचे रक्त नव्याने घेतले. सिमोझ ते घेऊन अमेरिकेला गेले. तिथल्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीने शंका उरू दिली नाही. मे महिन्यात तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत ही बातमी जाहीर केली. पुढे तामिळनाडूत विषाणू आढळलेल्या कित्येक स्त्रियांना सुधारगृहातच डांबून ठेवले गेले. त्यांच्या सुटकेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

समज मोडला, पण अर्धाच. आजार भारतात आहे हे लोकांनी मान्य केले आणि लगेच तो वेश्यावस्तीचा ठरवून टाकला. हा उरलेला अर्धा समज मोडला तो पुण्यात. विश्रांतवाडीतून आळंदी रस्त्याने निघून, दिघी ओलांडून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गेले की त्या काळी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था लागते. ती १९९२ साली स्थापन झाली. डॉ. रमण गंगाखेडकर, डॉ. संजय मेहेंदळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची तपासणी आणि विचारपूस सुरू केली. १९९३ ते १९९६ या काळात ९१६ स्त्रियांची नोंद झाली. त्यांतल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. हा आकडा भयंकर होता, तरी अनपेक्षित नव्हता. हादरा दिला तो उरलेल्या ३९१ जणींनी. त्या बहुतेक लग्नाच्या होत्या, संसारी होत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या आयुष्यात एकच पुरुष आला होता, आणि विषाणूही त्याच्याचकडून आला होता. १९९७च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला.

त्या निष्कर्षाची धग नीट जाणवायची तर त्या काळचे कुटुंब नियोजन आठवावे लागते. १९६८ साली निरोध पंधरा पैशांना तीन या भावाने बाजारात आला होता, पण तो मूल होऊ नये म्हणून. नियोजनाचा खरा भार होता बाईच्या ऑपरेशनवर. ते एकदा झाले की घरात निरोध आणायला कारणच उरत नसे. टाक्यांनी गर्भ थांबला, जंतू थांबले नाहीत. निरोध वापर, असे नवऱ्याला म्हणणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे. ते धाडस किती जणींना परवडणार होते? पतीशी एकनिष्ठ राहा, हा उपदेश या स्त्रियांनी तंतोतंत पाळला होता. त्याने त्यांचे रक्षण झाले नाही.

मग रक्षणाचा नवा मार्ग शोधणे भाग होते. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांना घेऊन एक मोठी चाचणी उभी राहिली. प्रत्येक जोडप्यात एकाला विषाणूची बाधा होती, दुसरा मुक्त होता. बाधित जोडीदाराला औषधे लगेच सुरू केली, तर दुसरा वाचेल का, हा प्रश्न होता. भारतातली केंद्रे दोनच: भोसरीची ही संस्था आणि सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९९३ साली सुरू केलेली वाय. आर. गायतोंडे संस्था. जोडप्यांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांना निरोध आणि समुपदेशन मिळत होते. फरक फक्त औषध कधी सुरू करायचे एवढाच. निकाल २०१५च्या सुमारास अपेक्षित होता. पण २०११च्या एप्रिलमध्ये स्वतंत्र देखरेख मंडळाने आकडे पाहिले आणि ते तत्काळ जाहीर करायला सांगितले. जोडीदाराकडूनच झाल्याचे सिद्ध झालेले नवे संसर्ग २८ होते. त्यांपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटातले, आणि लवकर औषध मिळालेल्या गटातला अवघा एक. मंडळाच्या निर्णयानंतर उशिरा औषध मिळणाऱ्या गटातल्या सर्व बाधितांनाही औषध देऊ करण्यात आले. २०१७ पासून भारतात निदान होताच प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण लागू झाले.